निंदणाला बाया येईनाशा झाल्या आहेत; मजुरीतील फरकाचा याच्याशी किती संबंध असावा?

प्रश्न: कोरडवाहू (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी.

माझी आठ एकर कोरडवाहू शेती आहे. पाच एकरांत पऱ्हाटी (कापूस) आणि तूर, उरलेल्यात सोयाबीन, असा बहुतेक वर्षांचा क्रम असतो. गेल्या काही हंगामांपासून निंदणाच्या ऐन दिवसांत बाया मिळत नाहीत. आदल्या सांजेला घरोघर जाऊन सांगून यावे, त्यांनी हो म्हणावे आणि सकाळी ठरलेल्या दहांपैकी चार-पाचच धुऱ्यावर दिसाव्यात, असे वारंवार घडते. पावसाने उघडीप दिलेल्या चार दिवसांत तण निघाले नाही तर पुढे कितीही खर्च केला तरी पीक सावरत नाही, आणि जेथे पऱ्हाटीत तूर आहे तेथे वाटेल ते तणनाशक मारताही येत नाही.

गावात याचे एकच कारण सांगितले जाते. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये खात्यात येतात, रेशनचे धान्य फुकट मिळते, म्हणून बायांना आता कामाची गरज उरली नाही, असे पारावर बसलेला प्रत्येक जण म्हणतो. मला हे पूर्णपणे पटत नाही. ज्या बाया माझ्या निंदणाला येत नाहीत, त्याच दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला येतात, सोयाबीन सोंगणीचा गुत्ता, म्हणजे कापणीचा ठेका, घेतात आणि ऑटो करून दुसऱ्या तालुक्यातही जातात. काम नकोच असते तर त्या तेथेही गेल्या नसत्या. शिवाय मजुरांची ओरड ही योजना येण्याच्या बऱ्याच आधीपासून आहे.

आमच्या गावात निंदणाला बाईची रोजी २५० रुपये आहे आणि गड्याची, मग तो डवरणीला (बैलांनी कोळपणीला) असो की आणखी कशाला, ४०० रुपये. एरवी दोघांची कामे वेगळी असल्यामुळे यावर कोणी बोलत नाही. मात्र मागच्या श्रावणात शेजारच्या वावरात तण हाताबाहेर गेले, तेव्हा शेतकऱ्याने पाच-सहा गडीही निंदणाला लावले. एकाच ओळीत, एकाच तणावर, खांद्याला खांदा लावून सर्वांनी दिवसभर काम केले आणि सांजेला गड्यांना ४०० व बायांना २५० मिळाले. दुसऱ्या दिवशी त्या वावरात निम्म्या बाया आल्या नाहीत. त्यांतील एक बाई आमच्या अंगणात चहा घेताना माझ्या पत्नीला म्हणाली, "त्यांच्या हाताखालचं तण वेगळं होतं काय?"

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. बायांची कामाची इच्छा कमी मजुरीमुळे कमी होते, की मजुरीतल्या फरकामुळे? मी बाईची रोजी ३०० केली आणि गड्याची ४०० च राहू दिली, तर त्या येतील काय? की दोघांना सारखे दिल्याशिवाय हा प्रश्न सुटणारच नाही? ज्यांनी स्वतः मजुरी केली आहे, टोळी चालवली आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: टोळीवाली ताई (समुद्रपूर, जि. वर्धा)

भाऊ, मी बरीच वर्षे मजुरी केली आहे आणि आता आमच्या बचत गटातील बायांची टोळी घेऊन कामे करते, म्हणून जे जवळून पाहिले तेवढेच लिहिते.

पहिली गोष्ट पैशांची. महिन्याचे १५०० रुपये म्हणजे आपल्या दराने निंदणाच्या सहा रोजी झाल्या. सहा रोजींवर महिना चालणारे घर मी अजून पाहिलेले नाही. या पैशांनी एक बदल मात्र निश्चित झाला आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. पूर्वी घरात तेल-मीठ संपलेले असले की बाई मिळेल त्या दराने, मिळेल त्या माणसाकडे कामाला जात असे; आता ती दोन दिवस थांबू शकते, कोणाच्या वावरात जायचे आणि कोणाच्या नाही हे ठरवू शकते. याला कामाची गरज संपली असे म्हणणे बरोबर नाही. नको ते काम नाकारण्याची ताकद तिच्यात थोडी आली आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दुसरी गोष्ट अशी की निंदणाला सगळे "हलके काम" म्हणतात. हे कोणी ठरवले, हे मला आजवर समजलेले नाही. ओल्या काळ्या मातीत दिवसभर उकिडवे बसून सरकत राहणे, पाठीवर ऊन किंवा पावसाची सर, संध्याकाळी गुडघे सरळ होत नाहीत आणि बोटांच्या चिरांत माती भरलेली असते. फवारणी हे गड्याचे काम म्हणून त्याची मजुरी जास्त, पण त्या फवारणीसाठी विहिरीवरून किंवा नाल्यावरून पाणी वाहून आणणारी बाई असते आणि तिच्या लुगड्यावरही तेच औषध उडते. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, तेव्हा फवारणाऱ्यांबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ते आवश्यकही होते. पाणी वाहणाऱ्या बायांचा विचार मात्र तेव्हाही फारसा कोणी केला नाही. ज्या कामाचे कष्ट मोजलेच जात नाहीत, त्या कामाला उत्साहाने कोणी कसे यावे?

आता गुत्त्याविषयी. तुम्ही बरोबर पाहिले आहे की त्याच बाया सोयाबीन सोंगणीचा गुत्ता आनंदाने घेतात. एकराचा दर ठरला की तो दर एकराचा असतो; कापणारा हात बाईचा आहे की गड्याचा, हे तेथे कोणी विचारत नाही. आमच्या टोळीतल्या बाया गुत्त्याच्या दिवसांत पहाटे अंधारात निघतात, दुपारच्या उन्हापर्यंत मोठा तुकडा उरकतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला निंदणाच्या रोजीपेक्षा बरेच जास्त पैसे येतात. हेच शेतकरी एरवी आमच्याबद्दल म्हणतात की बाया दिवसभर गप्पा मारतात आणि तास, म्हणजे पिकाची ओळ, पुढे सरकत नाही. रोजीवर हात जलद चालवला तर बाईला काहीही जास्त मिळत नाही, उलट शेजारच्या बाईला तिच्यामुळे बोलणे खावे लागते. मग तिने का घाई करावी? हातात तीच ताकद असते, पण ती कोठे वापरायची हे बाई विचार करून ठरवते. गुत्त्यातही दोष आहेत. म्हातारी बाई, गरोदर बाई किंवा नुकतीच तापातून उठलेली बाई टोळीत नको असते, आणि तिला टोळीत ठेवण्यासाठी मला दरवेळी इतर बायांशी बोलावे लागते. नवरा-बायकोच्या जोडीने गुत्ता घेतला असेल तर पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्याच हातात पडतात.

आणि याच ठिकाणी मजुरीच्या फरकाइतकीच एक मोठी गोष्ट आहे, जिच्याकडे शेतकऱ्यांचे लक्ष जात नाही. गड्याची मजुरी त्याच सांजेला दिली जाते, कारण तो उद्या येणार नाही अशी भीती असते. बाईला मात्र "बाजाराच्या दिवशी ने" असे सांगितले जाते. बाजाराच्या दिवशी गेले तर मालक घरी नसतो, नाहीतर तो पैसे तिच्या नवऱ्याजवळ देऊन मोकळा झालेला असतो. ते पैसे घरी पोचतात की वाटेतच संपतात, हे मी येथे लिहिण्याची गरज नाही. आठवडाभर खपून हातात काहीच न आलेली बाई पुढच्या आठवड्यात कामाला का आली नाही, असे विचारायला मालक पुन्हा तिच्याच दारात येतो. आमच्या टोळीचा अनुभव असा आहे की वीस रुपये कमी देणारा, पण सांजेला बाईच्या स्वतःच्या हातात मजुरी ठेवणारा शेतकरी कधीही मजुरांसाठी अडत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. तुम्ही ३०० केले तर बाया काही दिवस येतील, कारण पन्नास रुपये थोडे नाहीत. पण ज्या दिवशी त्याच ओळीत ४०० चा गडी बसवाल, त्या दिवसापासून पुन्हा निम्म्याच येतील.

उत्तर २: अर्थशास्त्राचा शिक्षक (अचलपूर, जि. अमरावती)

ताईंनी जे अनुभवातून सांगितले, त्याला अभ्यासाचा भक्कम आधार आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या तीन अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात हंगामी मजुरांबरोबर एक प्रयोग केला होता आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन-तीन मजुरांचे गट करून त्यांना दोर, झाडू, उदबत्त्या, पत्रावळी अशा वस्तू बनवण्याचे काम दिले होते. काही गटांत तिघांनाही सारखी रोजी होती, तर काही गटांत प्रत्येकाची रोजी थोडी वेगळी होती. ज्या गटांत रोजी वेगळी होती आणि कोण किती काम करतो हे एकमेकांना सहज दिसत नव्हते, तेथे कामाचे प्रमाण घटलेच, शिवाय हजेरीही १८ टक्के अंकांनी कमी झाली. गैरहजर राहणारा मजूर त्या दिवसाची रोजी गमावत होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. स्वतःचे नुकसान सोसूनही माणसे कामावर येण्याचे टाळत होती. मात्र ज्या गटांत प्रत्येकाचे काम डोळ्यांना दिसत होते आणि जास्त रोजी मिळणारा खरोखरच जास्त काम करतो हे सर्वांना समजत होते, तेथे असा परिणाम आढळला नाही.

हा प्रयोग स्त्री-पुरुष भेदाविषयी नव्हता, तरीही आपल्या प्रश्नाशी तो थेट जुळतो. मनुष्य स्वतःची मजुरी पाहतो, तशीच शेजारच्याचीही पाहतो, आणि फरकाचे पटण्याजोगे कारण दिसले नाही तर त्याचे मन कामातून उठते. कापूस वेचणीत फरकाचे कारण काट्यावर दिसते. ज्या बाईने जास्त किलो वेचले तिला जास्त पैसे मिळाले, याबद्दल दुसरीची तक्रार नसते. निंदणात मात्र एकाच तणावर बसलेल्या गड्याला दीडशे रुपये जास्त का, याचे तो पुरुष आहे याखेरीज दुसरे कारण देता येत नाही. त्यामुळे कापसाला येणारी बाई निंदणाला का येत नाही, याचे उत्तर तिच्या आळसात शोधण्याची गरज नाही.

यावर अनेक शेतकरी एक वाजवी मुद्दा मांडतात, की बाया सकाळी उशिरा येतात. त्याचाही हिशोब करून पाहू. बाईने साडेसहा तास काम केले आणि तिला २५० रुपये मिळाले, तर तासाला सुमारे साडेअडतीस रुपये पडतात. गड्याने आठ तास काम करून ४०० घेतले तर तासाला ५० रुपये पडतात. म्हणजे दिवसाच्या रोजीत जो साडेसदतीस टक्क्यांचा फरक दिसतो, तो तासाच्या हिशोबाने सुमारे २३ टक्क्यांवर येतो. कामाच्या तासांमुळे फरकाचा एक भाग समजू शकतो, पण उरलेला मोठा भाग तसाच राहतो. आणि ते तास तरी कमी का असतात? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटे. गडी सकाळी आठला वावरात हजर होऊ शकतो, याचे एक कारण त्याची शिदोरी त्याच्या घरातील बाईने पहाटे उठून बांधलेली असते.

लोकांना एक शंका नेहमी पडते, की सरकारी आकडेवारीत ग्रामीण स्त्रियांचा कामातील सहभाग वाढलेला दिसतो, मग आपल्याला मजूर का मिळत नाहीत? १५ वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ४७.६ टक्के नोंदवला गेला. परंतु या वाढीचा मोठा भाग स्वतःच्या घरच्या शेतीत किंवा व्यवसायात, बहुतेकदा विनामोबदला, राबणाऱ्या स्त्रियांचा आहे. दुसऱ्याच्या वावरात कमी रोजीवर जाण्यापेक्षा स्वतःची दोन एकर, चार शेळ्या किंवा शिलाई यंत्र सांभाळणे ज्या स्त्रीला परवडते, ती तेच करते. तिने काम सोडलेले नसते, आपल्या वावरातली रोजी तिने सोडलेली असते.

कायद्याबद्दल थोडक्यात. घटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व आहे. १९७६ चा समान वेतन कायदा त्यावर उभा होता आणि आता २०१९ च्या वेतन संहितेत तीच तरतूद आहे. समानता आणण्यासाठी पुरुषाची मजुरी कमी करता येत नाही, हेही दोन्ही कायद्यांत स्पष्ट आहे. आपल्याकडे हे तत्त्व कागदावरच राहिले असे मात्र नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत, जिचा कायदा १९७७ मध्ये होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, स्त्री-पुरुषांना एकच दर होता आणि तिच्या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने येत असत. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मनरेगाचा दर ३१२ रुपये ठरला आणि तो दोघांनाही सारखाच होता. ज्या बाईने सरकारी कामावर नवऱ्याइतकाच दर पाहिला आहे, तिला वावरातील २५० आणि ४०० चा फरक निसर्गनियम वाटणे शक्य नाही.

उत्तर ३: सहा एकरवाला (मंगरूळपीर, जि. वाशीम)

सरांचे लिखाण मी पूर्ण वाचले, परंतु शेतकऱ्याची बाजूही कोणी मांडली पाहिजे. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७७१० रुपये होता आणि तो सर्वांच्याच हाती पडला असे नाही. बियाणे, खत, फवारणी आणि वेचाई वजा केल्यावर जे उरते, त्यात घराचा वर्षभराचा खर्च भागत नाही. दहा बायांची रोजी दीडशेने वाढवली तर एका दिवसाला १५०० रुपये वाढतात आणि निंदण एका दिवसात होत नाही. माझी पत्नीसुद्धा आमच्या वावरात दिवसभर निंदते आणि तिला कोणीच रोजी देत नाही.

शिवाय ४०० चा दर आम्ही कौतुकाने देत नाही. गावातील तरुण पुण्याला, नागपूरला बांधकामावर किंवा गाडीवर निघून जातात, आणि जे मागे राहतात त्यांना तेवढे दिल्याशिवाय ते थांबत नाहीत. मागणी-पुरवठ्याने ठरलेल्या दराला भेदभाव म्हणणे मला पटत नाही. समान मजुरी द्यावी, असे मलाही मनापासून वाटते. पण तिचा सगळा भार सहा एकरवाल्याने उचलावा आणि शेतमालाच्या भावाबद्दल कोणी बोलू नये, हे न्यायाचे नाही.

उत्तर २ च्या लेखकाचा प्रतिसाद

शेतमालाच्या भावाबद्दलच्या आपल्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि मजुरीचा प्रश्न शेतमालाच्या भावापासून तोडून सोडवता येणार नाही, हेही मान्य करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मॅकिनॉन मॅकेन्झी या जहाज कंपनीच्या प्रकरणात, मालकाची आर्थिक क्षमता नाही हे स्त्रियांना कमी वेतन देण्याचे कारण होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. तथापि जहाज कंपनी आणि सहा एकर कोरडवाहू यांना एका मापाने मोजणे मलाही जड जाते.

मागणी-पुरवठ्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. गडी पुण्याला जाऊ शकतो म्हणून त्याचा दर वाढला, हे खरे. बाई पुण्याला का जाऊ शकत नाही? घर, लेकरे, म्हातारी सासू आणि गावाची नजर हे सर्व तिला येथेच थांबवते, आणि ती येथेच थांबणार हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे तिचा दर वाढत नाही. तिला मागे ठेवणाऱ्या रूढीतून जो दर निघतो, तो बाजाराचा दर आहे म्हणून भेदभाव नाही, असे म्हणता येणार नाही. आपल्या पत्नीच्या कामाचा उल्लेख आपण केला, तो मला या संपूर्ण चर्चेत फार महत्त्वाचा वाटतो. ज्या कामाला घरात शून्य किंमत आहे, त्याच कामाला बाहेर कमी किंमत लावणे सर्वांना सहज वाटते.

उत्तर ४: धानपट्टा (लाखांदूर, जि. भंडारा)

आमच्याकडील एक लहानशी नोंद. धानाच्या रोवणीचे काम जवळजवळ संपूर्णपणे बायांचे आहे आणि ते ठरावीक दिवसांतच उरकावे लागते. त्या दिवसांत गावागावांतून गाड्या बायांना न्यायला येतात, दर चढतो, टोळ्या आपसांत बोलून आपला दर सांगतात आणि चिखलात दिवसभर वाकून राहण्याचे इतके कठीण काम असूनही बाया कमी पडत नाहीत. रोवणी संपून निंदणाचे दिवस आले आणि दर खाली गेला की त्याच बाया घरी थांबतात. काम हलके झाल्यावर बाया घटतात आणि कठीण असताना वाढतात, हे पाहिल्यावर "बायांना कष्ट नकोत" हे म्हणणे टिकत नाही.

उत्तर ५: पदवीधर मुलगी (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

माझी आई मजुरी करते. मी बी.ए. झाल्यावर एका हंगामात जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) काम केले, तेथील अनुभव या विषयाचा असल्यामुळे लिहिते.

आम्हा बायकांकडे कापसातील काडीकचरा वेचून वेगळा करण्याचे काम होते, आणि मुलांकडे कापूस ढकलण्याचे व गाठींजवळचे काम होते. त्यांचे काम जड आहे, म्हणून त्यांना जास्त पैसे मिळतात, हे मी मनाने स्वीकारले होते आणि पहिले काही आठवडे मी अतिशय मन लावून काम केले. धुळीने खोकला येत असे, तरी घरी पहिल्यांदा स्वतःची कमाई देताना मला अभिमान वाटत असे. पुढे आवक कमी झाल्यावर दोन मुलांना आमच्याच ओळीत कचरा वेचायला बसवले. त्यांना त्या कामाची सवय नव्हती. कोणता डाग काढायचा आणि कोणता सोडायचा, हे मीच त्यांना दाखवले. आठवड्याचा हिशोब झाला तेव्हा त्यांची रोजी पूर्वीसारखीच जास्त होती, हे समोरच समजले. मी मुकादमाला विचारले, तर त्याने मला सांगितले की त्यांना पुढे घर चालवायचे आहे.

माझ्या वडिलांच्या आजारपणात आमचे घर आईच्या आणि माझ्या मजुरीवरच चालले होते. मी भांडले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझे हात पूर्वीसारखे चालेनात, आणि ते मी जाणूनबुजून करत होते असेही नाही. सकाळी उठताना जीव जड व्हायचा, लहानसहान कारणाने घरी राहावेसे वाटायचे आणि हंगाम संपण्याच्या आधीच मी काम सोडले. मला मिळणारे पैसे आदल्या आठवड्याइतकेच होते. त्यांतून एक रुपयाही कमी झाला नव्हता. गावात मात्र असेच सांगितले गेले की शिकलेल्या मुलींना कष्ट झेपत नाहीत.

माझ्या वर्गातल्या अनेक मुली आज घरी आहेत. त्यांना आळशी म्हटले जाते, किंवा त्यांच्या लग्नाची वाट पाहिली जाते. त्यांपैकी बहुतेकींनी कोठे ना कोठे काम करून पाहिले आहे, आणि जेथे शेजारच्या मुलापेक्षा कमी मोबदला मिळाला, तेथे घरच्यांनीही "एवढ्यासाठी कशाला जातेस" असे म्हणून त्यांना थांबवले. मजुरी कमी असली की मुलीचे काम घरातल्यांनाही बिनमहत्त्वाचे वाटू लागते, आणि मग तिला थांबवणे सोपे जाते, हा या प्रश्नाचा भाग मला सर्वांत दुःखदायक वाटतो.

प्रश्नकर्ता: कोरडवाहू (दारव्हा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या हंगामासाठी मी असे ठरवतो आहे की निंदणाच्या ओळीत जो कोणी बसेल, त्याला एकच दर राहील. ४०० सर्वांना देणे मला शक्य नाही. म्हणून निंदणाचा दर ३२५ ठेवावा आणि त्या दराने गडी आले तर ठीक, न आले तर बायांची टोळीच घ्यावी, असा विचार आहे. ताईंना एक विचारायचे आहे: निंदणाचा गुत्ता दिला तर तण मुळासकट न काढता वरवर कापले जाते, असा अनुभव अनेकांचा आहे. तुमची टोळी निंदणाचा गुत्ता घेते काय, आणि घेत असल्यास काम चोख होण्यासाठी काय ठरवता?

उत्तर १ च्या लेखिकेचा प्रतिसाद: टोळीवाली ताई

भाऊ, निंदणाचा गुत्ता आम्ही घेतो, पण सगळ्या निंदणांचा नाही. पहिल्या निंदणाला पऱ्हाटी लहान असते, घाईत रोप कापले जाण्याची भीती असते, म्हणून ते रोजीनेच करावे आणि तुम्ही म्हणता तसा सर्वांना एकच दर द्यावा. दुसऱ्या निंदणाचा गुत्ता एकराऐवजी तासांवर, म्हणजे पिकाच्या ओळींवर, ठरवावा. वावरात तण सगळीकडे सारखे नसते. नाल्याच्या बाजूला हरळी आणि लव्हाळा जास्त असतो, तेथील तासांना थोडा जास्त दर धरला नाही तर बाया त्या बाजूला हात वरवर फिरवतात. काम सुरू होण्याच्या आधी टोळीतल्या दोघींना घेऊन संपूर्ण वावर फिरून घ्यावे आणि दर त्यांच्यासमोर ठरवावा. दुपारी एकदा मध्येच तास पाहावेत, म्हणजे सांजेला वाद होत नाही.

हजेरी बाईच्या स्वतःच्या नावाने लिहावी, नवऱ्याच्या नावाने नाही. पैसे त्याच दिवशी द्यावेत. सुटे नसतील तर ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना फोनवर पाठवावेत, पण तो नंबर त्या बाईचाच आहे हे आधी विचारून घ्यावे. तुमच्याच गावातील बाया एवढे कळल्यावर येतील, असा माझा अंदाज आहे. तरीही कमी पडल्या तर मला येथे निरोप टाका. आमची टोळी दारव्ह्यापर्यंत येऊ शकत नाही, परंतु आर्णीकडच्या दोन टोळ्या माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांना मी तुमच्याकडील दर आणि अटी सांगून ठेवते.